नोंदीतील नाती : चेसापीक वसाहतींतील मिश्रविवाही कुटुंबांच्या दप्तराचे वाचन

१

कुटुंबाच्या इतिहासाची साधने सामान्यतः कुटुंबानेच जपलेली असतात. पत्रे, मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, धर्मग्रंथाच्या कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा यांतून घराणे स्वतःविषयी बोलत असते. सतराव्या-अठराव्या शतकांत उत्तर अमेरिकेतील चेसापीक उपसागराभोवतीच्या इंग्रज वसाहतींत, म्हणजे व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये, युरोपीय, आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी स्त्रीपुरुषांच्या संबंधांतून जी कुटुंबे उभी राहिली, त्यांच्याजवळ असे घरचे दप्तर जवळजवळ नव्हते. त्यांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पुढे तर त्यांच्या विवाहाला विवाह म्हणण्यासही कायद्याने नकार दिला. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते काउंटी न्यायालयाच्या कारकुनाने, करपात्र माणसांची यादी करणाऱ्या अधिकाऱ्याने आणि दंड वसूल करणाऱ्या चर्चवॉर्डनने लिहिले. त्यांच्यापैकी कोणालाही कुटुंबाचा इतिहास लिहावयाचा नव्हता. कोणाकडून किती तंबाखू येणे आहे, कोणाला किती वर्षे राबवून घेता येईल आणि कोण कोणाची मालमत्ता आहे, एवढेच त्यांना ठरवावयाचे होते.

अशा लेखनातून नात्यांचा इतिहास काढताना जी अडचण येते ती केवळ साधनांच्या अपुरेपणाची नाही, ती संहितेच्या स्वरूपाची आहे. नोंद ज्या क्षणी नाते दाखवते त्याच क्षणी ती त्या नात्याला गुन्ह्याचे, कराचे किंवा मालकीचे रूप देते. म्हणून या दप्तराचे वाचन हा इतिहाससंशोधनाइतकाच समीक्षेचाही विषय ठरतो. आजवर ते निदान तीन वेगळ्या हेतूंनी वाचले गेले आहे. अठराव्या शतकात काही वंशजांनी स्वातंत्र्य मिळविण्यासाठी ते वाचले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शासनाने त्याच वंशजांचे हक्क काढून घेण्यासाठी वाचले आणि गेल्या चार-पाच दशकांत संशोधकांनी विसरलेली वंशसूत्रे जुळविण्यासाठी वाचले. या तीनही वाचनांसमोर एकाच जातीची कागदपत्रे होती, पण त्यांतून निघालेले अर्थ एकमेकांच्या विरोधी होते.

२

आरंभीची नोंद पुढील काळाच्या तुलनेत मोकळी दिसते. व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्दॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयाची दप्तरे १६३२ पासून सलग उपलब्ध आहेत. टी. एच. ब्रीन आणि स्टीफन इनिस यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच दप्तरावर उभा आहे. त्यात भेटणारा अँथनी जॉन्सन १६२१ मध्ये 'अंतोनियो, निग्रो' एवढ्याच नावाने वसाहतीत आला. १६५१ मध्ये त्याच्या नावे अडीचशे एकर जमिनीची सनद झाली. १६५३ मध्ये आगीने त्याचे नुकसान झाले तेव्हा न्यायालयाने त्याची पत्नी मेरी आणि दोन मुली यांना आयुष्यभरासाठी करमाफी दिली.

ही करमाफी नीट वाचावयास हवी. १६४३ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील आफ्रिकी स्त्रिया करपात्र ठरल्या होत्या. इंग्रज स्त्रिया तशा नव्हत्या. जॉन्सनच्या घरातील स्त्रियांना मिळालेली सूट म्हणजे नकळत त्यांना इंग्रज गृहिणींच्या रांगेत बसविणे होते. त्या आदेशात मुलींची नावे मात्र नाहीत, केवळ संख्या आहे. कर आकारताना कारकुनाला डोकी मोजावी लागतात आणि माफ करतानाही तो डोकीच मोजतो. १६७० मध्ये मेरीलँडला स्थलांतर केलेला जॉन्सन मरण पावला. त्यानंतर व्हर्जिनियातील एका ज्यूरीने तो निग्रो होता, म्हणून परका होता, असे ठरवून त्याच्या जुन्या जमिनीपैकी पन्नास एकर सरकारजमा होण्यास पात्र मानले. एकाच माणसाविषयीच्या या दोन नोंदींत सतरा वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात 'निग्रो' हा वर्णनात्मक शब्द कायदेशीर निष्कर्ष झाला.

या स्थित्यंतराचा दुसरा पुरावा एलिझाबेथ की हिच्या खटल्यात मिळतो. तिचा पिता इंग्रज, आई आफ्रिकी. ठरलेली मुदत संपूनही तिला मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेत गुलाम म्हणून धरण्यात आले, तेव्हा नॉर्दंबरलँड काउंटीत तिने दावा लावला. पिता स्वतंत्र इंग्रज होता, आपला बाप्तिस्मा झालेला आहे आणि करारापेक्षा अधिक सेवा आपण केली आहे, हे तिचे मुद्दे होते. पितृत्व कागदाने सिद्ध होण्यासारखे नव्हते. ते वृद्ध शेजाऱ्यांच्या जबान्यांनी सिद्ध झाले. १६५६ मध्ये ती मुक्त झाली आणि तिच्या वतीने काम चालविणाऱ्या विल्यम ग्रिनस्टेडशी तिचा विवाह झाला. सहा वर्षांनी, १६६२ मध्ये, अपत्याची स्थिती आईच्या स्थितीवरून ठरेल असा कायदा झाला. १६६७ मध्ये बाप्तिस्म्याने दास्य संपत नाही असे जाहीर झाले. ज्या दोन दारांतून एलिझाबेथ की बाहेर पडली ती दोन्ही पुढच्या अकरा वर्षांत बंद झाली.

३

१६९१ चा व्हर्जिनियाचा कायदा या कुटुंबांच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. त्यानुसार निग्रो, मुलाटो किंवा इंडियन व्यक्तीशी विवाह करणाऱ्या गोऱ्या स्त्रीपुरुषास तीन महिन्यांत वसाहतीबाहेर घालविण्याची तरतूद झाली. गोऱ्या स्त्रीस विवाहाबाहेर मुलाटो मूल झाल्यास तिने पंधरा पौंड दंड भरावा, न भरल्यास तिला पाच वर्षांसाठी विकावे आणि मुलास तीस वर्षे वयापर्यंत बांधून द्यावे, असे ठरले. १७०५ मध्ये हद्दपारीऐवजी सहा महिने कैद आणि दहा पौंड दंड आला, विवाह लावणाऱ्या धर्मोपदेशकास दहा हजार पौंड तंबाखूचा दंड ठरला आणि मुलाच्या बांधिलकीची मुदत एकतीस वर्षे झाली. अशा बांधील स्त्रीस त्या मुदतीत मूल झाले तर त्यानेही तितकीच वर्षे राबावे, असे १७२३ मध्ये ठरले. मुलींसाठी अठरा व मुलांसाठी एकवीस अशी मर्यादा येण्यास १७६५ साल उजाडले.

या कायद्यांचा परिणाम दप्तराच्या रचनेवरही झाला. विवाह-नोंदवहीतून हे संबंध गेले आणि दंडाच्या वहीत आले. पुढे त्या स्त्रीचे नाव ग्रँड ज्यूरीच्या तक्रारीत, चर्चवॉर्डनच्या हिशेबात आणि मूल बांधून देण्याच्या आदेशात सापडते. कायद्याला जे लपवावयाचे नव्हते, शिक्षा करावयाची होती, ते त्याने तपशिलाने लिहिले. गोऱ्या जमीनदारापासून गुलाम स्त्रीला झालेल्या अपत्यांविषयी मात्र न्यायालयाला काही लिहावे लागले नाही, कारण ती अपत्ये आईमागोमाग आपोआप मालमत्तेत जमा झाली. एका प्रकारच्या संबंधाविषयी नोंदींची दाटी आणि दुसऱ्याविषयी जवळपास पूर्ण मौन अशी ही विषम मांडणी आहे. समाजात काय घडत होते यापेक्षा कायद्याला कशाची भीती वाटत होती, हे त्या दाटीतून अधिक कळते. ती भीती मालमत्तेची होती. स्वतंत्र आईच्या पोटी जन्मणारे मूल १६६२ च्या नियमाने स्वतंत्रच ठरत होते, आणि एकतीस वर्षांची बांधिलकी ही त्या स्वातंत्र्याला लावलेली कात्री होती.

करयाद्यांची कथा याहून विरोधाभासाची आहे. व्हर्जिनियात दरवर्षी १० जून ही तारीख धरून करपात्र माणसांची गणना होई. १६६८ मध्ये स्वतंत्र निग्रो स्त्रिया करमुक्त नाहीत असे स्पष्ट करण्यात आले. १७२३ मध्ये स्वतंत्र निग्रो, मुलाटो आणि इंडियन यांच्यापैकी सोळा वर्षांवरील स्त्रीपुरुष, तसेच अशा पुरुषांच्या पत्नी यांना करपात्र ठरविले गेले. मांडलिक इंडियनांना तेवढे वगळण्यात आले. त्याच वर्षी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना वसाहतीने केलेल्या कायद्याच्या शीर्षकातच, अशा व्यक्तींशी विवाह केलेल्या स्त्रीपुरुषांवर जादा कर बसविण्याचा उल्लेख होता. तेथे १७१५ पासून गोऱ्या व्यक्तीने असा विवाह करणे दंडनीय होते. याचा अर्थ असा की शासन एका कलमाने ज्या विवाहास अपराध ठरवीत होते त्याच विवाहास दुसऱ्या कलमाने विवाह मानून त्यावर कर आकारीत होते. धर्मपीठाने आणि दंडसंहितेने नाकारलेले 'पत्नी' हे पद करसंग्राहकाने दिले, आणि त्याची किंमत प्रतिवर्षी वसूल केली.

ही किंमत कुटुंबांनी निमूटपणे दिली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास व्हर्जिनियाच्या अनेक काउंट्यांत स्वतंत्र मुलाटो गृहस्थांविरुद्ध पत्नीचे नाव करयादीत न दिल्याच्या तक्रारी दाखल झालेल्या दिसतात. कारकुनाने या कृतीस 'लपविणे' म्हटले. ज्या घरात प्रत्येक करपात्र माणसामागे तंबाखूचा वाटा द्यावा लागे त्या घराच्या बाजूने पाहिले, तर आपली पत्नी शेजाऱ्याच्या पत्नीसारखीच आहे असा दावा त्यात होता. एकेका गृहस्थाचा हा दावा नोंदीत अपराध म्हणूनच उतरला आहे. अनेक घरांची नोंद एकत्र वाचल्यावर त्यातील आग्रह लक्षात येतो. व्हर्जिनियाने १७६९ मध्ये या स्त्रियांवरील कर रद्द केला.

४

या विखुरलेल्या नोंदींतून कुटुंब कसे उभे करतात, हे पाहणे उद्बोधक आहे. पॉल हाइनेग हे विद्यापीठीय इतिहासकार नव्हेत. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांचा नॉर्थ कॅरोलायना व व्हर्जिनियातील स्वतंत्र आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या पुढील आवृत्त्या वाढत गेल्या आणि इरा बर्लिन यांच्यासारख्या इतिहासकाराने त्यास प्रस्तावना लिहिली. त्यांची पद्धत वरवर पाहता साधी आहे. सोळाव्या वर्षी मुलगा पित्याच्या घरच्या करयादीत नावाने प्रकट होतो, म्हणून त्या वर्षातून सोळा वजा केले की जन्मवर्षाची उत्तरमर्यादा मिळते. काही वर्षांनी तोच स्वतंत्र गृहस्थ म्हणून दिसला की वेगळे घर झाले असे समजते. मूल बांधून देण्याच्या आदेशातून आईचे नाव मिळते. विवाहबाह्य अपत्यास आईचे आडनाव लागत असल्यामुळे इंग्रज नोकर स्त्रीचे आडनाव पुढे स्वतंत्र कृष्णवर्णीय घराण्याचे आडनाव झालेले आढळते. जामीनदार, साक्षीदार, शेजारी यांची नावे पुन्हा पुन्हा येतात तेव्हा सोयरिकींचे जाळे दिसू लागते. नुसते एक नाव हा पुरावा होत नाही. नावांचा समूह एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत, व्हर्जिनियातून कॅरोलायनात एकत्र सरकला तर तो पुरावा होतो.

हाइनेग यांचा मुख्य निष्कर्ष असा, की वसाहतकालीन व्हर्जिनियात स्वतंत्र असलेल्या अशा कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबे गोऱ्या नोकर किंवा स्वतंत्र स्त्रिया आणि गुलाम किंवा स्वतंत्र आफ्रिकी पुरुष यांच्या संबंधांतून निर्माण झाली. गोऱ्या मालकांनी मुक्त केलेल्या अपत्यांपासून निघालेली घराणी थोडी. लोकप्रिय समजुतीला या निष्कर्षाने धक्का दिला. सतराव्या शतकात तंबाखूच्या शेतावर करारबद्ध इंग्रज वा आयरिश नोकर आणि आफ्रिकी गुलाम एकाच कामात, पुष्कळदा एकाच छपराखाली होते, ही गोष्ट एडमंड मॉर्गन यांनी १९७५ मध्येच मांडली होती. हाइनेग यांनी त्या सहवासाला माणसांची नावे दिली.

मात्र या निष्कर्षाची कक्षा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तो स्वतंत्र कुटुंबांविषयी आहे, मिश्र वंशाच्या सर्व लोकांविषयी नाही. गुलाम स्त्रियांच्या ज्या असंख्य अपत्यांचे पिते गोरे होते ती या वह्यांत येतच नाहीत. ती मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, बहुधा केवळ पहिल्या नावाने येतात. दुसऱ्या टोकाला, ज्यांचा वर्ण उजळ होत गेला आणि जे स्थलांतरानंतर गोरे म्हणून नोंदले गेले, ते दप्तराच्या दुसऱ्या दारातून निघून जातात. शिवाय एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडला लागलेल्या आगीत, सुरक्षिततेसाठी तेथे आणलेली अनेक काउंट्यांची कागदपत्रे जळाली. ज्याची नोंद उरली त्याचाच इतिहास उरला, आणि नोंद उरण्याचा माणसाच्या महत्त्वाशी काहीही संबंध नव्हता.

वर्गवाचक शब्दांची अस्थिरता ही आणखी एक बाजू. एकच व्यक्ती एका यादीत 'मुलाटो', दुसरीत 'निग्रो' आणि तिसरीत बिनविशेषणाची, म्हणजे गोरी, असू शकते. १७०५ च्या व्हर्जिनिया कायद्याने इंडियन व्यक्तीचे अपत्य आणि निग्रोचे अपत्य, नातवंड व पतवंड यांना मुलाटो म्हटले. १७८५ मध्ये ही व्याख्या एकचतुर्थांश रक्तावर आणली गेली. व्याख्या बदलली की माणूस न हलता वर्ग बदलतो. भारतीय वाचकास या संदर्भात एक तपशील विशेष वाटेल. १६३० च्या दशकात जॉर्ज मेनिफी नावाच्या जमीनदाराने ज्या माणसांच्या आगमनावर जमीन मिळविली त्यांत 'टोनी, ईस्ट इंडियन' असे नाव येते. पुढील शतकभरात मेरीलँड व व्हर्जिनियाच्या न्यायालयीन कागदांत असे आणखी काही ईस्ट इंडियन नोकर आढळतात. ते भारताच्या कोणत्या किनाऱ्यावरून निघाले, कोणती भाषा बोलत होते, हे कारकुनाला विचारावेसे वाटले नाही. त्यांची मुले एक-दोन पिढ्यांत 'मुलाटो' या शब्दात विरून गेली. वर्गवारीचा शब्द जेवढा सैल, तेवढी अधिक माणसे त्याच्या पोटात नाहीशी होतात.

५

नोंद आणि स्मृती यांचा सर्वांत तीव्र संघर्ष मेरीलँडमधील बटलर कुटुंबाच्या दाव्यांत दिसतो. एलिनॉर बटलर, जी 'आयरिश नेल' म्हणून ओळखली जाई, ही लॉर्ड बाल्टिमोर यांची करारबद्ध नोकर होती. १६८१ मध्ये तिने विल्यम बोरमन यांच्या मळ्यावरील चार्ल्स या गुलामाशी विवाह केला. तो कॅथलिक धर्मगुरूने लावला. मेरीलँडचा १६६४ चा कायदा असा होता की, स्वतंत्र स्त्रीने गुलामाशी विवाह केल्यास पतीच्या हयातीपर्यंत तिने त्याच्या मालकाची सेवा करावी आणि अपत्ये पित्याप्रमाणे गुलाम व्हावीत. विवाहानंतर थोड्याच काळाने, त्याच वर्षी, हा कायदा बदलला. मालकाच्या संमतीने वा प्रेरणेने असा विवाह झाल्यास स्त्री व अपत्ये मुक्त राहतील अशी तरतूद झाली. नेलचे लग्न आधी आणि कायदा नंतर, या क्रमामुळे पुढील शंभर वर्षे तिच्या वंशजांचे भवितव्य टांगणीला लागले.

विल्यम आणि मेरी बटलर हे पतिपत्नी दोघेही नेलचे वंशज होते. त्यांनी स्वातंत्र्यासाठी दावा लावला तेव्हा विवाहाचा कागद नव्हता. होत्या त्या आसपासच्या वृद्धांच्या जबान्या. आईबापांकडून ऐकलेली लग्नाच्या दिवसाची हकीकत त्यांनी ऐंशीहून अधिक वर्षांनी सांगितली. लॉर्ड बाल्टिमोर यांनी नेलला, तू स्वतःला आणि मुलाबाळांना गुलामीत लोटशील, असे बजावले. त्यावर, लॉर्डसाहेबांपेक्षा आपल्याला चार्ल्सच पसंत आहे, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. जबानीगणिक तपशील बदलतात, पण इशारा आणि प्रत्युत्तर हा कथेचा कणा टिकून आहे.

नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८७ मध्ये सोळाव्या शतकातील फ्रेंच माफीपत्रांच्या संदर्भात दाखविले की न्यायालयासमोरील कथनालाही घडण असते आणि ती घडण खोटेपणाचा पुरावा नसते. बटलर जबान्यांना हे नेमके लागू पडते. दोन पिढ्या ही हकीकत लोकांच्या तोंडी राहिली, कारण ती चमत्कारिक वाटली. एका गोऱ्या नोकर मुलीने वसाहतीच्या स्वामीला दिलेले उत्तर सांगण्याजोगे होते. कुचेष्टेच्या रूपाने का होईना, ती टिकली म्हणून दाव्याला आधार मिळाला. त्या कथेत नेल बोलते, लॉर्ड बोलतात. चार्ल्स मात्र दुसऱ्यांच्या वाक्यांचा विषय म्हणून उरतो. ज्याच्या दास्यावरून सारा वाद उभा राहिला त्याच्या वाट्याला शब्द आला नाही.

१७७० मध्ये प्रांतिक न्यायालयाने बटलर दांपत्याच्या बाजूने निर्णय दिला. १७७१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. पुढे त्यांची मुलगी मेरी बटलर हिने पुन्हा दावा लावला आणि १७८७ मध्ये ती जिंकली. १७९१ मध्ये तो निर्णय कायम झाला. या वेळी निर्णायक ठरलेला मुद्दा असा, की १६६४ च्या कायद्याखाली नेलला दोषी ठरविल्याची कोणतीही न्यायालयीन नोंद नव्हती. दोषसिद्धी नाही म्हणून दास्य नाही, आणि आईला दास्य नाही म्हणून अपत्यांनाही नाही. दप्तरातील रिकामी जागा एरवी या कुटुंबांच्या विरुद्ध वापरली जाई. येथे त्याच रिकाम्या जागेने एका वंशाची दारे उघडली आणि त्यामागून बटलर घराण्यातील इतरांनीही दावे लावले.

ही वाट फार काळ मोकळी राहिली नाही. १८१३ मध्ये मिमा क्वीन हिच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या निवाड्याने, ऐकीव पुरावा अग्राह्य ठरविला. मेरीलँडमध्ये वकिली करताना असे दावे चालविलेले न्यायमूर्ती गॅब्रिएल डुवाल यांनी भिन्न मत नोंदविले. ज्यांना लिहिण्याची संधीच दिली नव्हती त्यांच्याकडून लेखी पुरावा मागणे म्हणजे काय, हे त्यांनी वकील म्हणून जवळून पाहिले होते. या निर्णयाने स्मृतीला पुरावा म्हणून असलेली प्रतिष्ठा काढून घेतली. विल्यम जी. थॉमस यांचा मेरीलँडमधील स्वातंत्र्यदाव्यांवरील २०२० चा ग्रंथ या लढ्याची व्याप्ती दाखवितो.

६

विसाव्या शतकात हेच दप्तर उलट्या दिशेने वाचले गेले. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने वंशशुद्धतेचा कायदा केला. जन्ममृत्यू-नोंदणी खात्याचे प्रमुख वॉल्टर प्लेकर १९१२ ते १९४६ या काळात त्या पदावर होते. जुन्या जन्मविवाहाच्या नोंदी, जनगणना व करयाद्या यांच्या आधारे त्यांनी असंख्य कुटुंबांचा वर्ग परस्पर बदलला. जानेवारी १९४३ मध्ये तर त्यांनी काउंटीनिहाय आडनावांची यादीच अधिकाऱ्यांकडे पाठविली. स्वतःस इंडियन किंवा गोरे म्हणविणाऱ्या या आडनावांच्या कुटुंबांवर लक्ष ठेवावे, असा तिचा हेतू होता. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एखाद्या करवसुली अधिकाऱ्याने घाईत लिहिलेले एक अक्षर आता पणतवंडाच्या शाळाप्रवेशाचा आणि विवाहाचा निर्णय करू लागले.

प्लेकर यांची पद्धत आणि पुढच्या वंशसंशोधकांची पद्धत यांत साधनांचा फरक फारसा नाही. आडनाव, शेजार, करयादीतील विशेषण, आईचे नाव हे धागे दोघांच्याही हाती होते. फरक वाचनाच्या गृहीतात आहे. प्लेकर यांच्या दृष्टीने नोंदीतील शब्द हा माणसाविषयीचे अंतिम सत्य होता. चिकित्सक वाचनात तो शब्द लिहिणाऱ्याच्या हितसंबंधाचा पुरावा असतो. त्यावरून माणसाविषयी अनुमान करता येते, पण ते दुसऱ्या नोंदींनी तपासून घ्यावे लागते. १९६७ मध्ये लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रविवाहबंदी रद्द केली आणि १६९१ पासून चालत आलेल्या बंदीचा व्हर्जिनियात शेवट झाला. कागदाने केलेली हानी मात्र तेवढ्याने भरून आली नाही. व्हर्जिनियातील सहा मूळ अमेरिकी जमातींना २०१८ मध्ये काँग्रेसच्या कायद्याने संघीय मान्यता मिळाली, ती इतकी लांबली याचे एक कारण प्लेकर यांनी त्यांच्या नोंदींत केलेली उलथापालथ हेच होते.

७

साहित्याने या दप्तराची दखल इतिहासाच्या आधी घेतली, असे म्हणण्यास जागा आहे. विल्यम फॉकनर यांच्या 'गो डाउन, मोझेस' (१९४२) मध्ये आयझॅक मॅककॅसलिन मळ्याच्या जुन्या हिशेबवह्या वाचतो आणि खरेदी, जन्म, मृत्यू यांच्या त्रोटक नोंदींमधून आपल्या आजोबांनी स्वतःच्या गुलाम लेकीवर केलेला अत्याचार त्याला उमगतो. हिशेबवहीत तसे काही लिहिलेले नसते. दोन तारखा आणि एक मृत्युपत्रातील देणगी यांच्यामधील अंतर त्याला वाचावे लागते. कादंबरीकाराने कल्पिलेली ही वाचनरीत पुढे अभिलेखागारातील संशोधकाची रीत ठरली.

उलट दिशेचा धडा ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स' (१९७६) या ग्रंथाने दिला. गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स यांनी १९८१ मध्ये व्हर्जिनियातील मूळ कागदपत्रे तपासून त्यातील वंशक्रम नोंदींशी जुळत नसल्याचे दाखविले. ग्रंथाचे सांस्कृतिक महत्त्व त्यामुळे नाहीसे झाले नाही, परंतु दप्तराचा अधिकार उसना घेणाऱ्या कथनाने दप्तराची शिस्तही घ्यावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले. हाच सावधपणा २०१२ मधील एका दाव्याबाबतही आवश्यक आहे. १६४० मध्ये पळून जाण्याच्या अपराधाबद्दल जॉन पंच या आफ्रिकी नोकराला आजन्म सेवेची शिक्षा झाली. त्याच्या दोघा गोऱ्या साथीदारांची सेवा केवळ चार वर्षांनी वाढली. बराक ओबामा हे आपल्या गोऱ्या आईच्या बाजूने या पंचचे वंशज असावेत, असे अनुमान वंशसंशोधकांनी जमिनीच्या व कराच्या नोंदी आणि जनुकीय चाचण्या यांवरून मांडले. ते लक्षणीय आहे, पण अनुमानच आहे. कागद आणि जनुक दोन्ही मिळूनही सतराव्या शतकातील एक दुवा तर्काने जोडावा लागतो.

रणजित गुहा यांनी 'चंद्राज डेथ' (१९८७) या निबंधात १८४९ च्या सुमाराच्या बंगालमधील काही कबुलीजबाब वाचताना दाखविले की न्यायालयाच्या भाषेने एका स्त्रीच्या मरणाचे रूपांतर केवळ गुन्ह्याच्या प्रकरणात केले, आणि इतिहासकाराचे काम त्या प्रकरणातून नातलगांचे दुःख व एकजूट पुन्हा वाचणे हे आहे. सैदिया हार्टमन यांनी २००८ मध्ये गुलामवाहू जहाजावर मारल्या गेलेल्या मुलीसंबंधी लिहिताना याच कामाच्या मर्यादेकडे बोट दाखविले: ज्याची नोंद हिंसेनेच केली त्याची कथा सांगताना ती हिंसा पुन्हा घडू नये, ही जबाबदारी लेखकावर येते. चेसापीकच्या दप्तराला दोन्ही विचार लागू पडतात. 'मुलाटो अपत्याबद्दल दंड' या नोंदीत कुटुंब आहे हे ओळखणे ही पहिली पायरी आहे. त्या कुटुंबात प्रेम होते, बळजोरी होती की केवळ निरुपाय होता, हे ती नोंद सांगत नाही, आणि प्रेमकथा म्हणून ती सजविणे हाही तिच्यावर अन्यायच ठरेल.

मग या वाचनाने हाती काय लागते? व्हर्जिनियात १७९३ पासून स्वतंत्र कृष्णवर्णीयांना काउंटीच्या कारकुनाकडे दर तीन वर्षांनी, तर शहरांत दरवर्षी, नाव नोंदवावे लागे. त्या वहीत वय, वर्ण, उंची, अंगावरील खुणा आणि स्वातंत्र्याचा आधार लिहिला जाई. अनेक नोंदींच्या शेवटी 'जन्मतः स्वतंत्र' एवढे शब्द येतात. त्या शब्दांमागे बहुधा एखादी चार-पाच पिढ्यांपूर्वीची नोकर स्त्री असते, तिने भरलेला वा न भरता आलेला दंड असतो, तिच्या मुलाची एकतीस वर्षे असतात आणि करयादीत पत्नीचे नाव न देणारा एखादा गृहस्थ असतो. नोंदवही लिहिणाऱ्याने तो आधार एका वाक्यात मिटविला. नोंदवून घेणाऱ्याला मात्र तो दर तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावा लागे, म्हणजेच आपल्या घराचा इतिहास पाठ ठेवावा लागे. ज्या कुटुंबांजवळ घरचे दप्तर नव्हते असे आरंभी म्हटले, त्यांनी ते तोंडपाठ जपले होते. सरकारी वहीत त्यातील दोनच शब्द उतरले, आणि उरलेले वाक्य तक्रारी, आदेश व करयाद्या जुळवून वाचणाऱ्याने पूर्ण करावयाचे आहे.